एका कानाचे ऐकणे

पायाचे व्यंग चालण्यावरून कळते, दृष्टीचे चष्म्यावरून कळते. परंतु एका कानाचे बहिरेपण असे आहे की, ज्यास ते असते त्यासही पुष्कळदा ठाऊक नसते. मग शिक्षकास ते कोठून समजावे? असे म्हणून आम्हांस आपल्या मनाचे समाधान करून घेता आले असते. परंतु आमच्या हातून घडलेली चूक विद्यार्थी व पालक यांच्यापुढे कबूल करणे हेच अधिक उचित होय.

आमच्या वर्गात एक मुलगा उजव्या हाताच्या खिडकीशी बसत असे. खिडकीबाहेर मोंढ्याकडे जाणारा रस्ता. कापसाच्या व मोसंबीच्या गाड्यांचे भोंगे दिवसभर चालू. शुद्धलेखन घातले की त्याच्या वहीत ‘पाठ’चे ‘पाट’ आणि ‘सात’चे ‘हात’ होई. हाक मारली की तो भलत्याच दिशेस पाही व वर्ग हसे. एके दिवशी आम्हीही त्रासून विचारले, “तुझे कान घरीच राहिले काय?” त्याने मान खाली घातली. तो प्रश्न आठवला की आजही आम्हांस लाज वाटते.

पुढे पालकसभेच्या दिवशी त्याची आई सहज म्हणाली, “सर, हा उजव्या कुशीवर निजला की कितीही हाका मारा, उठत नाही. डाव्या कुशीवर असला की एका हाकेत जागा होतो.” त्या माउलीने एका वाक्यात रोगाचे निदान केले होते! तज्ज्ञाने एकेक कान निरनिराळा तपासला, तेव्हा डावा कान पूर्ण बहिरा निघाला. चौथ्या वर्षी गालगुंड झाले होते. त्या दुखण्यात कधी कधी एक कान असा कायमचा जातो.

ईश्वराने दोन कान दिले ते शोभेसाठी नव्हेत. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानी किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय मध्ये डोके आड येते व ‘स’, ‘थ’ यांसारख्या वर्णांतील बारीक ध्वनी त्याच्या सावलीत सापडतात. या अल्पशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो व गोंगाटातून बोलणे वेगळे काढतो. एका कानाच्या मुलास शांत खोलीत सर्व ऐकू येते, गलक्यात येत नाही. आणि लोक म्हणतात, ‘हवे तेव्हा बरे ऐकतो!’ अमेरिकेतील फ्रेड बेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अशा मुलांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ३५ टक्के मुले एकदा तरी नापास झालेली आढळली.

यावर उपाय आहेत. पण सर्वांस एकच नाही. कानात थोडी शक्ती उरली असेल तर नेहमीचे श्रवणयंत्र उपयोगी पडते; आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र ते पालथ्या घड्यावर पाणी ठरले असते. दुसऱ्या प्रकारात बहिऱ्या कानावरचे यंत्र तिकडील आवाज चांगल्या कानाकडे पाठविते. मात्र गोंगाट त्या बाजूस असला तर तोही तिकडे जातो. तिसरे यंत्र हाडावाटे ध्वनी पोहोचविते. असे यंत्र शस्त्रक्रियेने कवटीच्या हाडात बसविण्यास स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९७७ साली प्रारंभ झाला. लहान मुलांस ते डोक्याच्या पट्ट्यावर लावता येते. चौथा उपाय अंतःकर्णात बसविण्याच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा. एका बाजूच्या बहिरेपणासाठी, पाच वर्षांवरील मुलांकरिता, अमेरिकेने त्यास २०१९ साली मान्यता दिली.

आमच्या विद्यार्थ्यास पाचवा उपाय मानवला. शिक्षकाच्या गळ्याशी लहानसा मायक्रोफोन आणि मुलाच्या चांगल्या कानात, तो बंद न करता, त्याचा ग्राहक. एकदा आम्ही तो बंद करावयास विसरलो आणि शिक्षकांच्या खोलीतील चहापानाच्या गप्पा त्याने वर्गात बसून ऐकल्या! त्या दिवशी प्रथमच तो आमच्याकडे पाहून हसला.

अशी यंत्रे महाग असतात. अपंगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांवरून करतो. म्हणून एका कानाचे मूल तीत बसत नाही. त्याचे वडील मोंढ्यात हमाली करतात. यंत्रासाठी त्यांनी वर्षभर पैसे साठविले. पण यंत्र येण्यापूर्वीच एक बिनपैशाचा उपाय आम्हांस करता आला. खिडकीशी त्याचा चांगला कान रस्त्याकडे आणि बहिरा आमच्याकडे होता. आम्ही त्यास डाव्या भिंतीशी पहिल्या बाकावर बसविले आणि फळ्याकडे तोंड करून बोलण्याची आमची खोड सोडली. त्याच सत्रात त्याचे शुद्धलेखन सुधारले.

पालकांस आमची विनंती इतकीच की, मूल टेलिफोन नेहमी एकाच कानास लावते काय, हाकेसरशी चुकीकडे वळते काय, हे पाहावे आणि शंका येताच दोन्ही कान निरनिराळे तपासून घ्यावेत. विद्यार्थिमित्रांनो, चुकीकडे वळणाऱ्या सोबत्यास हसू नका. रस्ता ओलांडताना त्याच्या बहिऱ्या बाजूस चाला, कारण भोंगा कोठून आला हे त्यास कळत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने एका बहिऱ्या मनुष्यास बरे केल्याची कथा आहे. त्यास बरे करण्यापूर्वी प्रभूने त्यास गर्दीतून बाजूस नेले. चमत्कार करणे आमच्या हाती नाही. पण गलक्यातून मुलास बाजूस घेणे आमच्या हाती होते, आणि तेवढे करावयास आम्हांस फार उशीर लागला.