पडद्यावरचा नुक्ता

उर्दूत नुक्त्याला फार किंमत आहे. ‘दुआ’ लिहिताना एक टिंब जास्त पडले की ‘दग़ा’ होते. ‘ख़ुदा’वरचे टिंब खाली घसरले की ‘जुदा’ होते. हे मी दर वर्षी जूनमध्ये मुलांना सांगते. चूक झाली तर ती लिहिणाऱ्याच्या हाताची, अशी माझी समजूत होती. २०१८ साली ती समजूत मोडली.

त्या वर्षी एका कंपनीने आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेला सहा वापरलेले संगणक दिले. सतरा इंची चौकोनी मॉनिटर, आणि आत उबुंटू नावाच्या मुक्त लिनक्स प्रणालीची २०१२ सालची आवृत्ती. शाळेत तेव्हा इंटरनेट नव्हते, त्यामुळे नवी आवृत्ती उतरवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. मॉनिटरच्या केबल मात्र कंपनीकडून आल्या नाहीत. त्या शाळेने स्वस्तातल्या आणल्या. मी उर्दू आणि इतिहास शिकवते, पण एम.एस.सी.आय.टी.चे प्रमाणपत्र आहे म्हणून संगणकाचा तासही माझ्याच गळ्यात पडला.

उर्दू उमटत होते, पण नस्ख वळणात. बालभारतीची आमची पुस्तके नस्तालीकमध्ये छापलेली असतात; अक्षरे उजवीकडून डावीकडे उतरत जातात, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखी. नस्ख म्हणजे एका ओळीत उभी केलेली कवायत. मुले अडखळत वाचू लागली. मी घरून पेन ड्राइव्हमध्ये ‘जमील नूरी नस्तालीक’ हा फाँट नेला आणि सहाही संगणकांवर टाकला. मिर्झा अहमद जमील यांनी १९८१मध्ये हजारो जोडाकार तयार करून नस्तालीकला यंत्रावर आणले, त्या घराण्यातला हा फाँट. वाटले, काम झाले.

सातवीतल्या एका मुलीने आपले नाव टाइप केले. तिचे नाव ‘ज़े’ने सुरू होते. पडद्यावर मात्र ‘रे’ दिसत होता. ‘ज़े’वरचे टिंब पुसट होऊन नाहीसेच झाले होते. शेजारच्या मुलीने ते जसे दिसले तसे मोठ्याने वाचले आणि वर्ग हसला. ती उभी राहून म्हणाली, “टीचर, मेरे नाम का नुक्ता किधर गया?” मी म्हटले, “नीट टाइप कर बेटा, घाई करू नकोस.” तिने पुन्हा टाइप केले. पुन्हा ‘रे’च दिसला. मधल्या सुट्टीत मुले तिला त्याच बिघडलेल्या नावाने हाका मारू लागली. पुढचे तीन आठवडे संगणकाच्या तासाला तिचे डोके दुखत राहिले. मी माझ्या वहीत नोंद केली, ‘संगणकात रस नाही.’

पुढे एका जुम्म्याला शाळा लवकर सुटली तेव्हा मी एकटीच त्या संगणकापुढे बसले आणि तिचे नाव टाइप केले. माझ्याही हातून ‘रे’च उमटला! अक्षर मोठे केले तेव्हा टिंब हजर झाले. म्हणजे मुलीने बरोबर लिहिले होते, दाखवणाराच चुकत होता.

सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’चा भाग उघडला. तिथे मॉनिटरच्या चौकटीवर त्याचे नाव असते, तिथे एकच शब्द होता : ‘अननोन’. खाली १०२४ बाय ७६८, त्याहून मोठा आकडा निवडायची सोयच नाही. मॉनिटरच्या मागच्या चिठ्ठीवर मात्र १२८० बाय १०२४ लिहिलेले. १२८० ठिपक्यांच्या पडद्यावर १०२४ ठिपक्यांचे चित्र ताणून बसवले की एका ठिपक्याच्या वाट्याला सव्वा ठिपका येतो. सव्वा ठिपका दाखवता येत नाही, म्हणून कडा फासल्या जातात. इंग्रजी अक्षर त्यातूनही वाचता येते. नस्तालीकमध्ये पहिला जीव जातो तो नुक्त्याचा.

संगणक बघणाऱ्या माणसाला विचारले, तर तो म्हणाला, “मॅडम, जुना माल आहे. असाच दिसणार.” सदर मुदर्रिस साहेबांच्या मनात ते भंगारात द्यायचे होते. मी आठ दिवस मागून घेतले.

हडपसरला नोकरी करणाऱ्या चुलत भावाने फोनवरून तीन हुकूम लिहून दिले. पहिल्याने १२८० बाय १०२४चे गणित मांडायचे, दुसऱ्याने ते ‘एक्सरँडर’ला शिकवायचे, तिसऱ्याने ते व्हीजीएच्या जोडणीला लावायचे. तो सांगत होता, “बाजी, तुम्ही सुखी आहात. पूर्वी ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ नावाच्या फाइलमध्ये मॉनिटरची फ्रिक्वेन्सी हाताने लिहावी लागायची. आकडा चुकला की काळा पडदा, आणि जुना काचेचा मॉनिटर असेल तर तो बिघडायचीही भीती.” मी बिस्मिल्लाह म्हणून एंटर दाबले. पडदा क्षणभर काळा झाला, माझ्या छातीत धस्स झाले, आणि मग सगळी अक्षरे धुऊन काढल्यासारखी लख्ख उभी राहिली. आकाराने लहान झाली, म्हणून फाँट चौदावरून वीसवर नेला. ‘ज़े’च्या डोक्यावर नुक्ता होता.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तर पुन्हा १०२४, पुन्हा ‘अननोन’. तो हुकूम संगणक बंद होईपर्यंतच टिकतो, हे मला ठाऊक नव्हते.

शेवटी मी मामूंना घेऊन आले. मामूंनी सारी उमर तपकीर गल्लीत टीव्ही दुरुस्त करण्यात घालवली आहे. लिनक्स म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, केबल काढली, तिच्या टोकाची पंधरा पिनांची जागा चष्मा वर करून न्याहाळली आणि म्हणाले, “बेटा, तस्वीर आ रही है, ख़बर नहीं आ रही.”

व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी वेगळ्या तारा असतात, चित्राची लय सांभाळायला आणखी दोन. बाराव्या आणि पंधराव्या पिनेचे काम निराळे. त्यांच्यावरून मॉनिटर आपली ओळख सांगतो : कुणी बनवले, कोणत्या साली, आकार किती, कुवत किती. सगळी मिळून अवघी १२८ बाइटांची माहिती. स्वस्त केबलमध्ये या तारा टाकलेल्याच नसतात. चित्र पोहोचते, ओळख पोहोचत नाही. मग संगणक त्याला ‘अननोन’ ठरवतो आणि कुणालाही झेपेल असे बेताचेच चित्र पाठवत राहतो. तो दुष्टपणा करत नाही, सावधपणा करतो. पण त्या सावधपणात चांगला मॉनिटर आयुष्यभर अर्ध्या कुवतीवर चालतो, आणि लोक म्हणतात, जुना माल आहे.

मामूंनी तपकीर गल्लीतून दीडशे रुपयांना एक, अशा पाच केबल आणल्या. पाचही मॉनिटर आपापल्या नावानिशी उभे राहिले. सहाव्याची जोडणीची जागाच खराब होती. त्याच्यासाठी मी ती जुन्या पद्धतीची फाइल लिहिली, शब्द-शब्द तपासून.

हे सगळे इतके तपशिलाने का सांगते आहे? तो ‘अननोन’ शब्द मला नवा नव्हता. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेले की कुणीतरी प्रेमाने म्हणते, “तुम्ही मराठी छान बोलता हो! मूळच्या कुठल्या?” मी सांगते, मूळची भवानी पेठेची. समोरचे हसतात, पुन्हा विचारतात, “नाही, पण मूळच्या?” उर्दू माध्यम म्हटले की आमच्या मुलांकडून किती अपेक्षा ठेवायची हे आधीच ठरलेले असते, आणि त्याचा राग मी कितीतरी सभांतून बोलून दाखवला आहे. पण त्या जुम्म्याला घरी जाऊन वही उघडली, तेव्हा माझ्याच अक्षरातली ओळ समोर आली : ‘संगणकात रस नाही.’ ती दुसऱ्या कुणी लिहिली नव्हती. मुलगी उभी राहून स्वच्छ शब्दांत विचारत होती, नुक्ता कुठे गेला, आणि मी तिलाच नीट टाइप कर म्हणत होते. तिची ख़बर माझ्यापर्यंत पोहोचत होती. तार माझ्या बाजूने तुटलेली होती.

सोमवारी मी तिला वर्गापुढे बोलावले, नाव टाइप करायला लावले आणि सगळ्यांना सांगितले की तिने पहिल्या दिवशीही बरोबरच लिहिले होते, चूक टीचरची होती. ती काही बोलली नाही. फाँट आणखी मोठा केला, वीसचा बहात्तर, आणि नुक्त्याकडे बघत बसली.

त्या सहा संगणकांपैकी दोनच आज चालतात. मुलगी बारावी झाली. वहीतली ती ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिले, ‘केबल तपासली नव्हती.’ अजूनही एखाद्या मुलापुढे ‘कमजोर’ लिहायला पेन उचलते तेव्हा आधी ते पान उघडून बघते.