हिरवे पाणी

सुरसागराच्या काठाने नित्य फिरावयास जाणाऱ्यास हिरव्या पाण्याचे नवल ते काय वाटावे! परंतु तसेच पाणी आमच्या दिवाणखान्यातील काचपेटीत अवतरले आणि आतील चार सोनमासे दिसेनासे झाले, तेव्हा आम्ही अस्वस्थ झालो.

स्वच्छतेचा अभिमान नडला. सगळे पाणी उपसले, वाळू घासली आणि नळाचे ताजे पाणी भरले. सयाजीराव महाराजांनी शहरात आणविलेले आजव्याचे पाणी, त्यात दोष तो कसला? पण त्यातील क्लोरीन आम्हांस तारक आणि माशांस मारक, हे ध्यानी आले नाही. सकाळी दोन मासे उताणे तरंगत होते. "आजोबा, पाणी तर स्वच्छ केलं होतं ना तुम्ही?" नातीने विचारले. आम्हांस उत्तर देववेना. आठवडाभरात पाणी पुन्हा हिरवे!

मग उशिरा का होईना, कारण शोधले. हा रंग मळाचा नव्हे; पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म शेवाळाचा. पश्चिमेच्या खिडकीतून बडोद्याचे चैत्रातील ऊन थेट पेटीवर येई, आणि नात दिवसातून चार वेळा दाणे टाकी. शेवाळास आणखी काय हवे? अर्धे पाणी काढून पेटी आतल्या भिंतीशी नेली व चार दिवस जुनी गोधडी पांघरली. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, म्हणून हवेचा पंप अखंड चालू ठेवला. नवे पाणी घातले ते थोडेथोडे, आणि दिवसभर बादलीत उघडे ठेवलेले.

पाचव्या दिवशी गोधडी काढली. पाणी नितळ होते. नातीने मासे मोजले, दोनच. ती काही बोलली नाही.