एका रात्रीचं सामान



डिसेंबरात आमची नात भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेली होती. ती पुण्यात शिकते. परीक्षा संपवून आठ दिवस नायगावला आली आणि जेवता जेवता म्हणाली, "पुढच्या शनिवारी आम्ही सहाजणी कॅम्पिंगला जातोय. धरणाच्या काठावर, तंबूत. एकच रात्र."

सूनबाईचा घास हातातच राहिला. पोरीच्या जातीनं उघड्यावर रात्र काढायची, थंडी, जनावर, अनोळखी माणसं... तिचं काही चूक नव्हतं. आमचे चिरंजीव नेहमीप्रमाणे गप्प. दोन दिवस घरात तेवढाच विषय. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "जाऊ दे तिला. बॅग मात्र मी बघणार."

मी बी.कॉम. झाले, नोकरी काही केली नाही, पण यादी आणि हिशेब यांची सवय जात नाही. नातीच्या मोबाइलवर एक यादी होती, चाळीसच्या वर वस्तू. घडीची खुर्ची, स्पीकर, रंगीत दिव्यांची माळ, काय काय. मी विचारलं, "हे सगळं उचलणार कोण?" ती हसली.

यादी करणारे शहाणे लोकही जगात आहेत बरं का. अमेरिकेत सिॲटलला 'माउंटेनिअर्स' नावाचा गिर्यारोहकांचा जुना क्लब आहे. त्यांनी १९३० च्या दशकात दहा आवश्यक गोष्टींची यादी केली. तिचं आजचं रूप असं: वाट दाखवणारं साधन, उन्हापासून बचाव, ऊब, उजेड, प्रथमोपचार, आग पेटवायचं साधन, दुरुस्तीची हत्यारं, जादा अन्न, जादा पाणी आणि अडीअडचणीचा निवारा. यात खुर्ची नाही आणि स्पीकरही नाही.

आपल्याला हे नवीन नाही. ज्यांनी विहारात चौका लावला आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. महाराजांचा विहार एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी. मुक्काम कधी शाळेत, कधी शेतातल्या आखाड्यावर. आम्ही बायका जीपमध्ये भांडी, गाळणी, शेगडी, धान्य, सोवळ्याचे कपडे घेऊन पुढे जायचो. तिथं दुकान नसतं, शेजारीण नसते. चिमटा विसरला तर विसरला. म्हणून आम्ही यादी वस्तूंची नाही, वेळेची करायचो. पहाटे उठल्यावर पहिलं काय लागेल? पाणी. मग त्यासाठी दोरी, कळशी, गाळणं. मग चूल. दिवस असा डोळ्यांपुढून सरकवला की वस्तू आपोआप येतात आणि फालतू वस्तूंना जागाच उरत नाही.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा पसारा, त्यांच्याजवळ काय? पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. जन्मभराच्या प्रवासाची तीनच उपकरणं. आपण गृहस्थ, आपल्याला ते साधणार नाही. पण बॅग भरताना ते तीन आठवले की हात जरा आखडतो.

नातीला मी तेच सांगितलं. "शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंतचा दिवस डोळ्यांपुढे आण आणि बोल." ती बोलत गेली, मी वहीत लिहीत गेले.

आधी पाणी. कॅम्पवर पाणी मिळणार होतं, तरी दोन बाटल्या आपल्या. आपलं दुहेरी गाळणं मी तिला दिलं. तळ्याचं पाणी घ्यायची वेळ आलीच तर आधी गाळायचं, जिवाणी त्याच पाण्यात सोडायची आणि मग उकळायचं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, आणि उकळलेल्याची चोवीस तास, हे तिला लहानपणापासून पाठ आहे. "आजी, कापडानं जंतू जातात का?" असं तिनं विचारलं. तेव्हा मी तिला बांगलादेशातला प्रयोग सांगितला. तिथल्या खेड्यांत बायकांनी जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळलं, तर कॉलराचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं कमी झालं. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉलराचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात, ते जीव कापडात अडकतात. उरलेल्यांसाठी उकळणं हवंच.

मग रात्र. भंडारदऱ्याला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे तेरा तास अंधार आणि थंडी, शेजारी धरणाचं पाणी. लोक पांघरुणाचा विचार करतात, अंथरुणाचा करत नाहीत. अंगातली ऊब खाली जमीन ओढून घेते. आमच्याकडे हरभऱ्याला रात्रीची लाईट असते तेव्हा पाणी द्यायला जाणारे गडी हे बरोबर जाणतात. ते आधी खाली पोतं नि घोंगडी घालतात, मग वर काय ते. म्हणून स्लीपिंग बॅग कॅम्पवर मिळणार असली तरी खाली घालायची फोमची गुंडाळी आपली. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, प्लास्टिकच्या पिशवीत. दिवसभराच्या घामानं ओलसर झालेल्या सुती कपड्यांवर झोपलं की पहाटे हुडहुडी भरते. कानटोपी, लोकरीचे मोजे, स्वेटर. एवढं पुरे.

उजेडासाठी डोक्याला लावायची बॅटरी, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मोबाइलचा उजेड भरवशाचा नाही, फोन बोलण्यासाठी राखायचा. पिवळसर किंवा लाल उजेडाकडे किडे कमी येतात. तेवढी हिंसा टळते आणि त्रासही.

जनावराची भीती सूनबाईला होती, आणि ती खोटी नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा ना दुखत ना सूज येत. पण तंबूला खाली सलग कापड असतं आणि दाराला चेन. चेन कायम बंद, खाण्याचं काही तंबूत नाही, सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. आत विंचू असला तर झटकण्यानं आपणही वाचतो आणि तोही. चावलंच तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. हे मी वहीत लाल शाईनं लिहिलं.

आणखी एक लाल शाईनं लिहिलं. तंबूत शेगडी नाही, निखारे नाहीत, कितीही थंडी वाजली तरी. बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

औषधांच्या डबीत तिच्या रोजच्या गोळ्या, पट्ट्या, मलम, ओआरएसची पाकिटं, सॅनिटरी पॅड आणि वापरलेले परत आणायला कागद नि जाड पिशवी. सुई-दोरा आणि नाडा मी माझ्याकडून घातला.

आता राहिलं जेवण, आणि खरी अडचण तिथं होती. कॅम्पचं पत्रक आलं होतं: रात्री नऊला जेवण, शेकोटीभोवती. नात गेली चार वर्षं सूर्यास्तानंतर जेवत नाही. कोणी सांगितलं नव्हतं, एका दशलक्षण पर्वात तिनं स्वतःच नियम घेतला. रात्री पाण्याला सूट ठेवली आहे. आई झोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, सगळ्या खाणार आणि मी नुसती बसणार. त्यांना वाटेल मी नाटक करते. एक दिवस सोडला तर?"

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. नियम तिनं घेतलाय, ठेवायचा की कसा हे तिनं ठरवायचं. माझं काम एवढंच की अडचण भुकेची नसावी. पोट रिकामं असताना घेतलेला निर्णय खरा नसतो. म्हणून शुक्रवारी ताज्या पिठाच्या दशम्या केल्या, दुधात मळून. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवस, पण दशम्या लगेचच्या. बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, खाकरे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, गूळपापडीच्या वड्या. सहाजणींना पुरेल एवढं. "पाचच्या आत डबा उघड आणि सगळ्यांना वाढ," एवढंच सांगितलं. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवायचं म्हटलं तर तिथं सव्वापाचच होतात.

शेवटी वजन केलं. शाळेच्या दप्तराबद्दल २०२० च्या सरकारी धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. नात ४८ किलोची. पाठीवरची बॅग भरली साडेसहा किलो, डबा वेगळा. दुसरी जीन्स, हेअर ड्रायर आणि तीनपैकी दोन क्रीम काढल्या. पाच किलोवर आली.

रविवारी रात्री फोन आला. दशम्या पाच वाजता पाचच मिनिटांत संपल्या म्हणे. रात्री नऊला ती शेकोटीजवळ गरम पाण्याचा पेला धरून बसली होती. तिच्या एका मैत्रिणीलाही भूक नव्हती, तीही तशीच बसली. कोणी काही म्हटलं नाही. सूनबाईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पहिलं विचारलं, "बूट झटकलेस का?"

परत आल्यावर मी तिला बॅग रिकामी करून तीन ढीग लावायला सांगितले: वापरलेलं, न वापरलेलं आणि जे नव्हतं म्हणून अडलं. न वापरलेल्यात औषधांची डबी आणि गाळणं होतं. ते पुढच्या वेळीही जाणार. विम्याचा हप्ता वापरला नाही म्हणून तो वाया गेला असं आपण म्हणत नाही. दुसरा टॉप, पुस्तक आणि पॉवर बँकेची दुसरी वायर मात्र पुढच्या वेळी घरीच. अडलं ते एकाच गोष्टीवाचून: ओले कपडे वाळत घालायला दोरी नव्हती. वहीत लिहून ठेवली आहे, पाच मीटर.