कुंभारणीचं घर

आजी सांगायची, कुंभारीण मातीच्या घरात अळी कोंडते. अळी तिचाच ध्यास घेऊन कुंभारीणच होते. तसाच म्हणे भक्त देव होतो. प्रत्यक्षात ती अळी कुंभारणीच्या पिल्लांचं खाणं असते! (बिच्चारी...)

मला आमच्या नाशिकच्या गच्चीतल्या कढीपत्त्यावरची अळी जास्त पटते. कोशात तिचं बरंचसं शरीर विरघळतं आणि त्यातूनच काळं-पिवळं फुलपाखरू घडतं. २००८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं, की अळीपणी टाळायला शिकलेला वास पतंग झाल्यावरही टाळला जातो.

बाबा गेल्यापासून मी टाकळीला गोमय मारुतीसमोर बसते. इथेच ठोसरांचा नारायण बारा वर्षं तप करून समर्थ झाला म्हणतात. माझं आपलं मन थोडं निवतंय, इतकंच. निवता निवता बाबांचा आवाजही विरेल, ही धास्ती होती. पतंगांचं वाचल्यापासून डोळे मिटायला भीती वाटत नाही.