ड्रॉइंगमध्ये नसलेलं

जुन्या मशीनला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, बसवायचा म्हटलं की सगळे प्रोग्रॅमबद्दल विचारतात. प्रोग्रॅम होतो हो. वेळ खातात त्या तारा.

माझं टेबल बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, कामं मात्र बहुतेक शेजारच्या बोम्मसंद्रातली. केऑनिक्स या सरकारी कंपनीने १९७८मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटी उभारायला घेतली, त्या सुमाराचे हायड्रॉलिक प्रेस बोम्मसंद्रातल्या शेडमध्ये अजून भेटतात. लोखंड ठणठणीत, पॅनेल थकलेलं. वायरवरचे नंबर पुसलेले, ड्रॉइंग तेलाने माखलेलं.

अशा प्रेसचे लिमिट स्विच ११० व्होल्ट एसीवर चालतात. पीएलसीच्या इनपुटला हवा २४ व्होल्ट डीसी. साधारण १५च्या वर 'आहे', ५च्या खाली 'नाही'. मग त्याच स्विचमधून २४ व्होल्ट सोडले की झालं, असं वाटतं. सुरुवातीला चालतंही. मग एके दिवशी रॅम वर येऊन उभा राहतो आणि इनपुटचा दिवा काही लागत नाही. स्विचवर टिचकी मारली की लागतो! पूर्वी हाच स्विच कॉन्टॅक्टर ओढायचा. तेव्हा कॉन्टॅक्टवर बारीक ठिणगी उडायची आणि तेलाचा, गंजाचा पातळ थर जाळून टाकायची. पीएलसी मागतो जेमतेम काही मिलिअँपिअर. तेवढ्याने थर फुटत नाही. ठिणगी रोज झाडलोट करत होती, हे ड्रॉइंग काढणाऱ्याच्याही गावी नसणार.

म्हणून मी स्विचला त्याचे ११० व्होल्ट राहू देतो, मध्ये रिले घालतो आणि त्या रिलेच्या सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टमधून पीएलसीला २४ व्होल्ट देतो. रिलेही नाजूक नको. लांब केबलमध्ये शेजारच्या तारेतून चोरटं व्होल्टेज शिरतं. हलकी कॉइल त्यावरच ओढलेली राहते, दणकट कॉइल दाद देत नाही. मालक वैतागतात: "रिले काढायलाच बोलावलं होतं ना तुम्हाला?"

रिलेचा संथपणाही असाच बिनपगारी कामाला होता. लिमिट स्विच मिटताना क्षणभर थरथरतो. रिले ओढेपर्यंत ती थरथर संपलेली असायची. जलद इनपुट मात्र एका स्ट्रोकचे तीन मोजतं. मग फिल्टर लावून त्याला मुद्दाम मंद करायचं.

सगळ्यात फसवी ती लॅडर. जनरल मोटर्सने १९६८मध्ये रिलेंना पर्याय मागितला, त्यातून मॉडिकॉन ०८४ आला. इलेक्ट्रिशियनला ओळखीचं वाटावं म्हणून प्रोग्रॅमही रिलेच्या ड्रॉइंगसारखाच ठेवला, तीच ही लॅडर. पण पॅनेलमधले रिले एकाच वेळी जागे असत, पीएलसी वरून खाली एकेक ओळ वाचतो. वरचा सोलेनॉइड सुटून खालचा लागेपर्यंत रिलेमुळे जी फट आपोआप पडायची, ती आता टायमर टाकून पाडावी लागते.

एका गोष्टीवर मात्र मी घासाघीस करत नाही. इमर्जन्सी स्टॉपची तार थेट सेफ्टी रिलेला जाते आणि तिथूनच पंप आणि व्हॉल्व्हचा पुरवठा तुटतो. "एक इनपुट रिकामं आहे की," असं कुणीतरी म्हणतंच. त्या इनपुटवर मी सेफ्टी रिलेचा जादा कॉन्टॅक्ट जोडतो, म्हणजे प्रेस का थांबला ते स्क्रीनवर दिसतं.