बिजली

परवा स्टाफरूममध्ये आमचे कन्नडचे सर ‘मंकुतिम्मन कग्ग’ शिकवायची तयारी करत होते. डी. व्ही. गुंडप्पांचं हे १९४३ सालचं पुस्तक आपल्याकडच्या कन्नड घरांत असतंच. त्यात आयुष्याला जटकाबंडी म्हटलंय आणि माणसाला तिचा घोडा. “मॅडम, हल्लीच्या पोरांना आधी जटका म्हणजे काय ते सांगावं लागतं,” सर म्हणाले. मला मात्र जटका म्हटल्याबरोबर हरभऱ्याचा आणि लिदीचा वास आला. आपण मराठीत टांगा म्हणतो तोच हा.

शहापुरात आमच्या घरामागच्या बोळात टांगेवाले चाचा राहायचे. त्यांच्या घोडीचं नाव बिजली. नाव ठेवणाऱ्यानं थट्टाच केली असावी, कारण टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी थांबली की पुन्हा हलायला तिला अंमळ वेळच लागे. आम्ही सात-आठ पोरं दप्तरांसकट त्या टांग्यात कोंबलेली असायचो. चाचा घरात उर्दू बोलायचे, आमच्याशी मराठी आणि घोडीशी मात्र फक्त कन्नड. “नडी अव्वा, नडी” म्हटलं की ती चालायची. मराठीतला ‘चल’ तिला कळतच नसे. आम्ही सगळ्यांनी करून बघितलं होतं.

संध्याकाळी खरारा व्हायचा, तो बघायला मी पायरीवर बसायचे. तोबऱ्यातले भिजवलेले हरभरे चावताना तिचे कान हलत. ती उभ्या उभ्या झोपते, तिच्या पायांचे सांधे जागीच अडकून राहतात म्हणून पडत नाही, हे मला चाचांनी सांगितलं. पुस्तकात फार पुढे वाचलं.

१९८९ साल असेल, मी चौथीत होते. ज्येष्ठी पौर्णिमेला आपल्याकडे कारहुणवी. बैलांची शिंगं रंगवतात, झुली घालतात, पुरणपोळी चारतात, संध्याकाळी कर तोडतात. बिजली मात्र त्या दिवशीही स्टेशनच्या दोन फेऱ्या करून आली. तिच्या कपाळाला साधं कुंकू नाही. मला हा फार अन्याय वाटला. (खंडेनवमीला चाचा टांगा धुऊन हार घालत, पण ते तेव्हा आठवलं नाही.) आजीनं पुरणासाठी शिजवलेली डाळ भरपूर उरली होती. मी मोठा स्टीलचा डबा भरून घेतला, वर गूळ घातला आणि दिवेलागणीला बोळात गेले. बिजलीनं सगळं खाल्लं. मी पुन्हा घरी येऊन कोठीतले गहूही नेले. तेही खाल्ले. मला कृतार्थ वाटलं.

रात्री बोळातून आवाज आले. बिजली पुढच्या पायानं जमीन उकरत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. अंगभर घाम. मध्येच खाली बसून लोळायला बघायची.

आजोबा धोतर सावरत बाहेर गेले. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. नाईक यशवंत घाडग्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १९४४ चा इटलीतलाच लढा. पण आजोबा पदकांबद्दल कमी आणि खेचरांबद्दल जास्त बोलत. डोंगरात जिथं जीप चढायची नाही तिथं दारूगोळा आणि शिधा खेचरं न्यायची, आणि उतरताना कधी पाठीवर मेलेला जवान असायचा. हे सांगताना ते खेचर म्हणत नसत, ‘आमची माणसं’ म्हणत.

“मियाँ, लोळू देऊ नका. चालवत राहा,” ते म्हणाले. “घोड्याला ओकता येत नाही. आत गेलं ते आतच राहतं.” मग थोडं थांबून, “खेचर पोट भरलं की तोंड फिरवतं. घोड्याला ती अक्कल नाही. काय खाल्लंय हिनं?”

“रोजचंच तर घातलं,” चाचा म्हणाले.

मी दाराच्या आड उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही.

चाचा रात्रभर तिला बोळातून वर-खाली फिरवत होते. नालांचा आवाज अंथरुणात ऐकू येत होता. तो थांबला की माझा श्वास थांबायचा. पहाटे जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. उन्हं वर आली तेव्हा बिजलीनं लीद टाकली आणि चाचा पायरीवर बसून रडले. चार दिवस टांगा बंद होता. त्या चार दिवसांची कमाई बुडाली आणि डॉक्टरांचे पैसे वेगळे, हा हिशेब मला फार उशिरा सुचला.

आजी पुढे आठवडाभर तो डबा शोधत होती. मी तोही भीतीनं बोळातच टाकून आले होते.

रिक्षा वाढल्या, काही वर्षांनी बिजली विकली गेली. चाचाही आता नाहीत. त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो. सरांच्या त्या जटक्यानं डोक्यात घर केलं होतं, म्हणून गेल्या रविवारी मुद्दाम त्याच्याकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तो हसला. “ताई, अब्बांना माहीत होतं. डबा दुसऱ्या दिवशी सकाळीच सापडला. त्याच्यावर तुमच्या आजीचं नाव घातलेलं होतं ना? अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं. मी शाळेत होतो, मीच वाचून दाखवलं.”

“मग परत का नाही दिला?”

“मी न्यायला निघालो होतो. म्हणाले, राहू दे, पोरीला मार बसेल.”

आतून त्याच्या बायकोनं डबा आणला. तळाला पोचे आले आहेत, नाव पुसट झालंय. बिजली होती तोवर चाचा हरभरे त्यानंच मोजत होते म्हणे. एक डबा सकाळी, एक संध्याकाळी.