लालबागच्या मुताऱ्या आणि खुला नकाशा

गणपतीत लालबागला आलेल्या माणसाला नवसाची रांग कुठली आणि मुखदर्शनाची कुठली, हे शेंबडं पोरही सांगतं. मुतारी कुठे ते कुणी सांगत नाही. बायकांचे तर फारच हाल. म्हणून आमच्या मंडळानं शौचालयं, पिण्याचं पाणी आणि चिंचपोकळी-करी रोडकडे निघायच्या वाटा दाखवणारा नकाशा छापायचं ठरवलं. काम माझ्या गळ्यात पडलं.

गूगलचा नकाशा गिरवून छापायला परवानगी नाही. ओपनस्ट्रीटमॅपची आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. मोठे रस्ते, स्टेशनं तयार मिळाली. गणेश गल्ली, पेरू कंपाउंडकडचे बोळ आणि मुताऱ्या आमच्या पोरांनी पायी फिरून त्यात भरल्या.

खजिनदारकाका भडकले. “पोरं उन्हातान्हात फिरली आणि डेटा फुकट वाटायचा? उद्या दुसरं मंडळ जाहिराती घालून हेच छापेल!”

“छापू दे की. आपणही जाहिराती घालू.”

सप्टेंबर २०१२ पासून या नकाशाला ओडीबीएल हा परवाना आहे. छापलेला कागद आपला, त्याचे हक्क खुशाल राखून ठेवा. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय मात्र द्यायचं. त्यांच्या डेटात भर घालून झालेली यादी जाहीर वापरलीत, तर ती त्याच परवान्यानं इतरांना खुली करायची. नुसती मंडळाच्या कचेरीत आपल्यापुरती वापरलीत तर हे बंधन नाही. कार्यकर्त्यांचे फोन नंबर वेगळ्या वहीत होते, ते आपलेच.

“म्हणजे त्यांनी दुरुस्त करून छापलं तर ते आपल्याला मिळणार?” काकांनी विचारलं. मिळणार म्हटल्यावर ते जरा निवले.

खरी अडचण पुढेच होती. एकानं सरकारी कचेरीतून शौचालयांची आयती यादी आणली. ती पुढे द्यायची मुभा आहे का, कुठेच लिहिलेलं नव्हतं. साहेब तोंडी म्हणाले, “तुम्ही वापरा.” पण फक्त ‘तुम्ही’ वापरून भागत नाही, ज्याला आपण देणार त्यालाही ती वापरता यायला हवी. यादी बाजूला ठेवली आणि पोरं पुन्हा गल्लोगल्ली निघाली. इथे हा परवाना मला जाचक वाटला, अजूनही वाटतो. तरी तो नसता, तर आमची मेहनत कुणीही उचलून कुलपात ठेवली असती.

गिरगाव, दादर, परळच्या मंडळांनो, आमची यादी उचला, जाहिरातींसकट छापा. फक्त एखादी मुतारी पाडलेली दिसली, तर नकाशावर तेवढं दुरुस्त करा.